दुरुस्तीचे तास कुणाच्या खात्यावर?

मोटारीचा एसी गार हवा देईनासा होतो. गॅस भरला की पंधरा दिवस बरे जातात, मग पुन्हा तेच. शेवटी गॅरेजवाला सांगतो, ‘कूलिंग कॉइल लीक आहे, डॅशबोर्ड उतरवावा लागेल.’ कॉइल म्हणजे जाडसर वहीच्या आकाराची ॲल्युमिनियमची जाळी. ती बदलायला काही मिनिटं पुरतात, तिच्यापर्यंत पोचायला मात्र दिवस जातो. हेडलाइटच्या बल्बसाठी बंपर काढावा लागणं, ऑइल बदलण्याआधी गाडीच्या पोटाखालचं प्लास्टिकचं आवरण क्लिपा उचकटून सोडवावं लागणं, फॅनबेल्टसाठी आधी चाक उतरवावं लागणं, ही सगळी त्याच कुळातली दुखणी.

यावर आपल्याकडे दोन मतं तयार असतात. एक, कंपन्या हे मुद्दाम करतात, सर्व्हिस सेंटरचा गल्ला भरावा म्हणून. दोन, डिझाइन करणाऱ्यांनी जन्मात कधी पाना हातात धरलेला नसतो. दोन्ही मतं बोलायला चुरचुरीत आहेत आणि दोन्ही उथळ आहेत. एकात दोष माणसांच्या हेतूवर जातो, दुसऱ्यात अकलेवर. दोन्हींनंतर शिव्या घालण्यापलीकडे करण्यासारखं काही उरत नाही.

माझं म्हणणं वेगळं आहे. गाडीचं डिझाइन ठरत असताना जो खर्च कुणाच्या तरी वहीत लिहिला जातो, तो कमी करण्यासाठी जिवाचं रान केलं जातं. हमी संपल्यानंतरच्या दुरुस्तीचा तास डिझाइन ठरवणाऱ्या खोलीतल्या कुणाच्याच वहीत नसतो. म्हणून इतर प्रत्येक सोयीची किंमत त्या तासातून वसूल होते. यात कट असायची गरज नाही आणि मूर्खपणा तर मुळीच नाही. उलट हुशार माणसं समोर ठेवलेल्या आकड्यांपुरतं चोख काम करतात, तेव्हा हे घडतं.

## कुलूप वेगळं, कोंडी वेगळी

आधी एक गल्लत दूर करायला हवी. दुरुस्ती अवघड होण्याचे दोन प्रकार आहेत आणि चर्चेत ते सर्रास एकमेकांत मिसळतात.

पहिल्याला मी कुलूप म्हणेन. गाडीतला बिघाड वाचणारं यंत्र फक्त अधिकृत डीलरकडे ठेवायचं, अस्सल सुटे भाग खुल्या बाजारात सोडायचे नाहीत, नवा भाग बसवला तरी कंपनीच्या संगणकाने ओळख पटवल्याशिवाय तो चालू होणार नाही अशी तजवीज करायची. हे कुणीतरी बसून, ठरवून केलेलं असतं. इथे ‘मुद्दाम करतात’ हा आरोप तंतोतंत लागू पडतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग आणि तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांना मिळू न देणं म्हणजे बाजारातल्या वर्चस्वाचा गैरवापर, असं आयोगाचं म्हणणं होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं, पण आरोप नेमका होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१२ साली मोटारींच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला. २०२० मध्ये तिथल्या मतदारांनी गाडी कंपनीला बिनतारी पाठवत असलेल्या माहितीवरही मालकाचा हक्क मान्य केला. तीही कुलपाविरुद्धचीच लढाई.

दुसरा प्रकार कोंडीचा. भाग मिळतो, माहिती मिळते, यंत्र मिळतं, पण हात पोचत नाही. कूलिंग कॉइल बाजारात चार प्रकारची मिळते, बदलायची कशी याचे व्हिडिओ पाहिजे तेवढे आहेत, तरी डॅशबोर्ड उतरवावा लागतोच. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि मोटारी हे तिच्या कामाच्या चार क्षेत्रांपैकी एक ठरवलं. चांगलंच झालं. पण पुस्तिका, सुटे भाग, हमीच्या अटी यांवरचा सगळा भर कुलपं उघडण्यावर आहे. सगळी कुलपं उद्या उघडली तरी कोंडी जागच्या जागी राहील. हा लेख त्या कोंडीबद्दल आहे.

## कॉइल इतकी आत गेली कशी

जुन्या मारुती ८०० मध्ये कॉइलचा डबा वेगळा असायचा. ग्लोव्ह बॉक्सच्या मागे एका बाजूला पंख्याचा डबा, दुसऱ्या बाजूला हीटरचा आणि मधे हा. ग्लोव्ह बॉक्स काढा, पाइप सोडवा, डबा बाहेर. हा कुणाचा चांगुलपणा नव्हता. त्या काळी बिगर-एसी गाडी हीच मूळ गाडी होती आणि एसी ही वरून घ्यायची चैन. एकाच गाडीत एसी असणं आणि नसणं दोन्ही शक्य ठेवायचं, म्हणून डबा सुटा होता. सुटा होता म्हणून सुटत होता.

आज पंखा, कॉइल, हीटर आणि हवा फिरवणाऱ्या झडपा एकाच मोठ्या डब्यात असतात. डॅशबोर्डाच्या मागे गाडीच्या रुंदीभर एक पोलादी बीम आडवी जाते. तो डबा, स्टीअरिंग, मीटर, एअरबॅग, वायरिंग, सगळं या बीमवर बाजूच्या लाइनवर आधीच चढवतात. मग हे जोडलेलं धूड यांत्रिक हाताने दाराच्या चौकटीतून आत सरकवतात आणि मोजक्या बोल्टांनी कसतात. कारखान्याच्या बाजूने पाहिलं तर युक्ती झकास आहे. कामगाराला गाडीत उताणं पडून हात वर करून स्क्रू पिळावे लागत नाहीत. वायरिंग बाहेरच तपासून होतं. मुख्य लाइनवरचा वेळ वाचतो. शिवाय ती बीम अपघातात स्टीअरिंगला जागेवर धरून ठेवायला मदत करते.

आता हेच उलट्या क्रमाने, रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये. बॅटरी सोडायची आणि एअरबॅगच्या सर्किटमधला विजेचा साठा उतरेपर्यंत थांबायचं. गॅस काढायचा. हीटर त्याच डब्यात असल्याने कूलंटही काढायचं. स्टीअरिंग, पिवळ्या कनेक्टरच्या एअरबॅगा, गिअरभोवतीचं कन्सोल, काचेच्या दोन्ही खांबांवरची आवरणं, मीटर, ग्लोव्ह बॉक्स. मग वायरिंगचे कनेक्टर एकेक करून सोडवायचे, कुठला कुठे जातो याचे मोबाइलवर फोटो काढत. उन्हाने कडक झालेल्या क्लिपांची लॉकं कट्कन तुटतात आणि ती सुटी मिळत नाहीत. सगळं परत जोडून झालं की पहिल्याच खड्ड्यात डॅशबोर्डातून कुठूनतरी कुरकुर सुरू होते आणि एअरबॅगचा दिवा विझत नाही. मालक म्हणतो, ‘अहो, एसी करायला दिली होती, गाडी खिळखिळी करून दिलीत.’ त्याचं चूक नाही. मिस्त्रीचंही नाही.

हे टाळायला काही मिस्त्री आतल्या डब्याचं प्लास्टिक कापून कॉइल बाहेर ओढतात आणि कापलेली बाजू सिलिकॉनने चिकटवतात. बरेच मालक त्याहून सोपा मार्ग धरतात. दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतात आणि तो हळूहळू हवेत जाऊ देतात. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत वर्षानुवर्षं वापरला गेलेला आर-१३४ए हा गॅस, वजनाला वजन धरलं तर, कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त तापमानवाढ करतो. एक्झॉस्टमधून किती धूर निघावा याला नियम आहे आणि त्याचं प्रमाणपत्र खिशात बाळगावं लागतं. अवघड दुरुस्तीमुळे हवेत सुटणारा हा गॅस कुठल्याच खात्यावर पडत नाही.

## जागेवर हक्क सांगणारे

बोनेटखालच्या आणि डॅशबोर्डामागच्या इंच-इंच जागेवर कुणाचा ना कुणाचा हक्क असतो. हे हक्कदार नीट ओळखल्याशिवाय कोंडी कळत नाही. त्यांच्यातला एकही खलनायक नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

१. कारखान्याची लाइन. इंजिन, गिअरबॉक्स आणि पुढचं सस्पेन्शन एका चौकटीवर आधी जोडून घेतात आणि मग ते सगळं बॉडीच्या खालून वर चढवतात. ज्या बोल्टापाशी आज दोन बोटं शिरत नाहीत, तो बसवला तेव्हा समोर भिंतच नव्हती. लाइनवर प्रत्येक ठाण्याला मिनिट-दीड मिनिट मिळतं, त्यामुळे सेकंदाला किंमत असते. १९८० च्या दशकात जेफ्री बूथरॉइड आणि पीटर ड्यूहर्स्ट यांनी सोप्या जोडणीसाठीचं डिझाइन हे शास्त्रच उभं केलं: भागांची संख्या कमी करा, दोन भागांचा एक करता येतो का बघा, स्क्रू आणि नटबोल्ट टाळा, खटक्याने बसणारी क्लिप वापरा. उद्योगजगताने ते मनापासून उचललं. क्लिप बसवायला क्षणभर लागतो आणि तिला पाना लागत नाही. ती काढण्याचा क्षण मात्र त्या शास्त्राच्या कोष्टकात नव्हता. याच वाटेचं पुढचं टोक म्हणजे अख्खा मागचा सांगाडा एकाच साच्यात ओतणं. टेस्लाने मॉडेल वाय या गाडीत सुमारे ७० तुकड्यांच्या जागी एक-दोन ओतीव भाग आणले. सत्तर तुकडे असतील तर वाकलेला एक बदलता येतो. एकच असेल तर प्रश्नच मिटला, किंवा गाडीच मिटली.

२. करआकारणी. हे खास भारतीय प्रकरण आहे आणि परदेशी लेखांत ते सापडणार नाही. २००६ च्या अर्थसंकल्पाने चार मीटरपेक्षा आखूड आणि ठरावीक क्षमतेच्या इंजिनाच्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. पेट्रोलला १,२०० सीसीची मर्यादा, डिझेलला १,५०० ची. तेव्हापासून कररचना बदलत गेली, जीएसटी आला, दर बदलले, पण चार मीटरची रेघ कायम राहिली. परिणाम बघायचा असेल तर गाड्यांच्या माहितीपत्रकातली लांबी वाचा: ३,९९५ मिलिमीटर. हा आकडा किती कंपन्यांच्या किती गाड्यांवर आहे ते मोजत बसलात तर गंमत वाटेल. पिंपरीत बनणारी इंडिगो ही गाडी २००८ मध्ये मागून आखूड करून ‘इंडिगो सीएस’ झाली. स्विफ्ट डिझायर ४,१६० मिलिमीटरची होती, २०१२ च्या नव्या रूपात ती ३,९९५ ची झाली. डिकी दिसते, म्हणून तिच्यावर विनोद झाले. बोनेटखालची जागा दिसत नाही. ग्राहकाला गुडघ्यापुढे जागा हवी, डिकीत दोन बॅगा मावायला हव्यात, पुढे धडक झेलणारा भाग हवा, आणि हे सगळं ३,९९५ मध्ये. मग उरलेल्या खोबणीत इंजिन कोंबलं जातं.

इंजिन आडवं टाकायची रीत याहून जुनी. १९५९ च्या ब्रिटिश मिनीत ॲलेक इसिगॉनिस यांनी इंजिन आडवं बसवून जेमतेम तीन मीटरच्या गाडीत चार माणसांची सोय केली आणि ती रीत जगभर रुळली. आडव्या इंजिनाची बेल्टची बाजू चाकाच्या कमानीला भिडते आणि पाठ फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या भिंतीला. प्रवाशाला मिळालेली प्रत्येक इंच जागा मिस्त्रीच्या मनगटाकडून घेतलेली असते.

३. अपघात. पादचारी बोनेटवर आपटला तर पत्रा दबायला खाली मोकळी जागा हवी, म्हणजे बोनेटच्या वरच्या थरात कठीण भाग नकोत. समोरच्या धडकेत इंजिन केबिनमध्ये घुसू नये, म्हणून त्याच्या मागची जागाही मोजूनमापून ठरते. वरून बंदी, मागून बंदी, बाजूला चाक. उरतं काय? खाली आणि खोलात.

४. धूर. १ एप्रिल २०२० ला आपण बीएस-४ वरून थेट बीएस-६ वर उडी मारली. हवेसाठी ती आवश्यकच होती. पण धूर शुद्ध करणाऱ्या भांड्यांना काम सुरू करायला उष्णता लागते, म्हणून ती इंजिनाला जितकी लगटून बसवता येतील तितकी बरी. डिझेल गाडीत काजळी पकडणारा फिल्टरही तिथेच आला. ज्या गाड्यांचं डिझाइन आधीच झालेलं होतं, त्यांत ही भांडी इंजिन आणि फायरवॉल यांच्यातल्या फटीत बसवावी लागली. पूर्वी जिथे मिस्त्रीचा हात जायचा, नेमकी तीच फट.

५. आपण. केबिनमध्ये आवाज नको, मायलेज जास्त हवं, बोनेट उघडलं की आतलं चकाचक दिसावं. पोटाखालचं आवरण आणि इंजिनावरचं काळं झाकण यासाठीच आलं. यावर जास्त बोलायची गरज नाही.

## हमीपर्यंतचा हिशेब

इतके हक्कदार असताना दुरुस्तीचा हक्क सांगणारा खोलीत नसतो का? असतो, आणि हे लोकांना सहसा ठाऊक नसतं. हमीच्या काळात डीलरने केलेल्या कामाची मजुरी कंपनी देते. ती देण्यासाठी तिच्याकडे प्रत्येक कामाचे प्रमाणित तास लिहिलेलं कोष्टक असतं: क्लच प्लेट बदलणे, अमुक तास, वॉटर पंप, तमुक तास, तेही तासाच्या दहाव्या भागापर्यंत. डिझाइन चालू असताना पाना फिरायला जागा आहे का, हे संगणकावर तपासणारे इंजिनिअरही असतात. तेव्हा ‘यांना माहीतच नसतं’ हे मत इथे कोसळतं.

त्यांच्या शब्दाला वजन किती, हा खरा प्रश्न. एखादा भाग हमीच्या काळात शंभरातल्या किती गाड्यांत बिघडेल, गुणिले तास, गुणिले मजुरी. हा गुणाकार मोठा आला तर डिझाइन बदलतं, अगदी हमखास बदलतं. आज बऱ्याच कंपन्यांची साधी हमी तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर अशी आहे. कॉइल साधारणपणे त्यानंतर गळते. गुणाकाराचं उत्तर शून्याच्या जवळ येतं आणि कॉइल बिनविरोध डॅशबोर्डाआड जाते.

क्वचित लागणारा भाग खोलात ठेवणं ही चूक आहे का? तत्त्वतः नाही. फियाट पद्मिनीचे प्लग बोनेट उघडताच हाताशी लागायचे, कारण ते पुन्हा पुन्हा काढून साफ करावे लागत. आजचा इरिडियमचा प्लग लाखभर किलोमीटरपर्यंत टिकू शकतो. तो अडचणीत बसवला तर तक्रार करायचं कारण नाही. अडचण ‘क्वचित’ कुठपर्यंत मोजायचं याची आहे. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते. त्यातली तीन वर्षं कंपनीच्या वहीत, बारा वहीबाहेर. आणि ही बारा वर्षं गाडी कोकणच्या खाऱ्या दमट हवेत, मराठवाड्याच्या धुळीत, तुंबलेल्या पाण्यातून चालते.

यात एक वर्गाचा मुद्दा आहे, त्याकडे फार कमी लक्ष जातं. पहिला मालक गाडी चार-सहा वर्षांत विकतो. दुसरा आणखी काही वर्षांनी. ती तालुक्याच्या गावी तिसऱ्या मालकाकडे पोचते तेव्हा कोंडीत बसवलेले भाग एकेक करून बिघडू लागतात. शोरूममध्ये ऐसपैस केबिनचा आनंद घेतला पहिल्याने, तिचा बाकी हप्ता भरतो तिसरा, ज्याच्याकडे पैसे सगळ्यांत कमी. आणि त्याच्याबरोबर भरतो त्याचा मिस्त्री. आपल्याकडच्या छोट्या गॅरेजात मजुरी तासावर नसते, कामावर ठोक ठरते. ‘एवढ्याशा कामाचे एवढे?’ या प्रश्नापुढे मिस्त्री आकडा खाली आणतो आणि कोंडीचे दोन-तीन तास स्वतःच्या अंगावर घेतो. कंपनीने लाइनवर वाचवलेली सेकंदं अशी कुणाच्या तरी ठेचलेल्या बोटांतून भरून निघतात.

## पैसे मोजणारा समोर बसला की

माझं म्हणणं बरोबर असेल, तर जिथे दुरुस्तीचा खर्च कुणाच्या तरी वहीत येतो तिथे डिझाइन सुधारलेलं दिसलं पाहिजे. तसं ते दिसतं.

ट्रक बघा. लीव्हर सोडला की अख्खी केबिन पुढे कलते आणि इंजिन उघडं पडतं. हे ट्रक बनवणाऱ्या कंपन्यांतल्या काही मोटारीही बनवतात, म्हणजे अक्कल आणि हेतू एकाच छपराखालचे. फरक गिऱ्हाइकात आहे. ट्रकमालक रंग बघून गाडी घेत नाही. ट्रक गॅरेजात उभा राहिला तर रोजचं किती बुडतं, हे त्याला तोंडपाठ असतं. आपल्या एसटीचंही तसंच. महामंडळाने वर्षानुवर्षं चासी विकत घेऊन दापोडी, चिकलठाणा, हिंगण्याच्या कार्यशाळांत बॉडी बांधली आणि दुरुस्ती आपल्याच डेपोत केली. विकत घेणारा आणि नटबोल्ट सोडवणारा एकाच पगारपत्रकावर असला की विक्रेत्याला सोडवण्याबद्दल बोलावंच लागतं.

दुसरा पुरावा युरोपातल्या विमा कंपन्यांचा. ताशी १५ किलोमीटरच्या किरकोळ धडकेनंतर गाडी दुरुस्त करायला किती खर्च येतो, याची त्यांची स्वतःची चाचणी आहे. जर्मनी आणि ब्रिटनमध्ये गाडीचा विमागट ठरवताना दुरुस्तीचा खर्च धरला जातो. हप्ता जास्त म्हणजे विक्री कमी. म्हणून बंपरमागचे धडक झेलणारे तुकडे वेल्डिंगऐवजी बोल्टने जोडायची पद्धत पसरली: वाकला, काढला, नवा लावला. त्याच गाडीत कॉइल मात्र खोलातच, कारण कॉइलचे पैसे विमा कंपनी देत नाही.

तिसरा पुरावा सगळ्यांत बोलका. दिव्यांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमात अट आहे की बल्ब खास हत्यारांशिवाय, फार तर गाडीसोबत दिलेल्या हत्यारांनी, बदलता आला पाहिजे. पण जिथे प्रकाशाचा स्रोत मुळात बदलता न येणारा म्हणून मंजूर झाला आहे, तिथे ही अट लागत नाही. एलईडी दिव्यांचे अनेक संच याच दारातून बाहेर पडले. बल्ब गेला तर बल्ब, एलईडीचा तुकडा गेला तर अख्खा हेडलाइट. नियम जिथपर्यंत गेला तिथपर्यंत हात पोचला, पुढे नाही.

## तीन आक्षेप

‘म्हणजे कंपन्या निर्दोष?’ नाही. सुट्या भागांत आणि सर्व्हिसमध्ये कमाई आहे. कोंडीमुळे गिऱ्हाईक डीलरकडे आलं तर कंपनी रडत बसत नाही. पण एखाद्या परिणामाने फायदा होणं आणि तो परिणाम घडवून आणणं यांत अंतर आहे, आणि उपाय त्या अंतरावर ठरतो. कट असता तर दंड पुरला असता. इथे कटच नाही, म्हणून दंड करणार कुणाला? शिवाय हेतूचा आरोप सिद्ध करणं जवळपास अशक्य असतं. प्रत्येक कोंडीमागे धडकेचं, धुराचं किंवा लांबीचं खरंखुरं कारण दाखवता येतं. तासांचा आकडा दाखवायला हेतू सिद्ध करावा लागत नाही.

‘जुन्या गाड्याच बऱ्या होत्या.’ हा आक्षेप भावनेचा आहे आणि मला तो फारसा मानवत नाही. पद्मिनी आणि ॲम्बेसेडर रस्त्यात कुठेही उघडता यायच्या, कारण त्या रस्त्यात कुठेही बंद पडायच्या. पॉइंट घासणं, कार्ब्युरेटर साफ करणं, ग्रीसिंग हा मालकीचाच भाग होता. बोनेटखाली जागा होती, कारण एअरबॅग, एबीएस, धूर शुद्ध करणारी भांडी यांतलं काहीच नव्हतं. मोकळ्या बोनेटसाठी पादचाऱ्याचं डोकं आणि मुलांची फुप्फुसं परत द्यायला मी तयार नाही. मागणी जुन्या गाडीची नाहीच. नव्या गाडीच्या जागावाटपात दुरुस्तीलाही एक मत हवं, एवढीच आहे.

‘इलेक्ट्रिक गाड्या आल्या की प्रश्न सुटेल.’ ऑइल, फिल्टर, प्लग, क्लच जातील हे खरं. पण इलेक्ट्रिक गाडीलाही एसी असतो, हेडलाइट असतात, डॅशबोर्ड असतो. आणि कोंडीचा नवा राजा पोटाखाली बसला आहे. बॅटरीचे सेल आता एकमेकांना चिकटवून थेट पॅकमध्ये आणि काही गाड्यांत पॅकच सांगाड्याचा भाग म्हणून बसवतात. जागा वाचते, वजन वाचतं, पल्ला वाढतो. एक सेल बिघडला तर काय, याचं उत्तर त्या डिझाइनमध्ये अनेकदा नसतंच. बॅटरीची हमी इथे अनेकदा आठ वर्षं किंवा त्याहून जास्त असते, हे मात्र आशादायक आहे. वही लांबली की डिझाइनही थोडं लांबचं बघतं.

## आकडा छापा

उपाय मला एकच सुचतो आणि तो फार महागडा नाही. तासांचं कोष्टक कंपन्यांकडे आहेच. ते छापायला लावा. वीस नेहमीची कामं ठरवा: क्लच प्लेट, कूलिंग कॉइल, हेडलाइट, अल्टरनेटर, वॉटर पंप, स्टार्टर, पुढचे शॉकॲब्सॉर्बर, दाराच्या काचेची मोटर आणि अशीच. प्रत्येकाचे तास विक्रीच्या कागदावर, किमतीखाली.

गिऱ्हाइकाला दुरुस्तीची फिकीर नसते, असं म्हणतात. त्याला ती असणार कशी? शोरूममध्ये डॅशबोर्ड उघडून बघता येत नाही. सुरक्षेचीही फिकीर नसते असंच म्हणायचे. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे आले आणि जाहिरातींत तारे चमकायला लागले. मायलेजचा आकडा कायम समोर असतो, म्हणून अर्ध्या किलोमीटरसाठी कंपन्या झटतात. हाच न्याय तासांना लावायचा आहे. आकडा उघड झाला की जुन्या गाड्यांच्या बाजारात त्याचा भाव ठरेल, टॅक्सीवाले आधी बघतील, आणि विमा कंपन्यांनाही तो वापरता येईल. आज आपल्याकडे गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा हप्ता मुख्यतः तिची किंमत, वय, इंजिनाची क्षमता आणि शहर बघून ठरतो. ती उघडायला सोपी की अवघड, याचा त्यात फारसा पत्ता नसतो.

यात पळवाटा निघतील. पहिली, कंपन्या नेमक्या त्या वीस कामांपुरत्या सुधारतील आणि एकविसावं काम आणखी आत ढकलतील. म्हणून यादी कंपन्यांनी करू नये आणि ती दर दोन-तीन वर्षांनी बदलावी. ती करायला गॅरेजवाल्यांच्या संघटना, विम्याचे सर्व्हेअर आणि आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवणारे निदेशक बसवावेत.

दुसरी पळवाट जास्त खोल आहे. प्रमाणित तास कुठे मोजलेले असतात? लिफ्ट असलेल्या, खास हत्यारं भिंतीला टांगलेल्या वर्कशॉपमध्ये, तेच काम पन्नासदा केलेल्या हातांनी, नव्या गाडीवर. सात वर्षांच्या गाडीत गंजलेला बोल्ट आणि ठिसूळ झालेली क्लिप त्या घड्याळात येत नाही. त्यामुळे कोष्टकात दोन रकाने हवेत: एक डीलरच्या वर्कशॉपचा, दुसरा जॅक, गोटी-पान्यांचा संच आणि एक मदतनीस एवढ्यावर भागवणाऱ्या गॅरेजचा. आणि तिसरा रकाना उघडताना हमखास वाया जाणाऱ्या वस्तूंचा: एकदाच वापरता येणारे बोल्ट, गॅस्केट, गॅस, कूलंट, क्लिपा. पहिला रकाना कंपनी भरेल. दुसरा आणि तिसरा मात्र पुण्यातल्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने, वापरात जुनी झालेली गाडी घेऊन, स्वतः उघडून भरावेत.